पोंगाजी कोणी काढला

केवळराम हसला, तिथून हे सगळं सुरू झालं. हसला म्हणजे नेहमीसारखा गावभर ऐकू जाईल असा नाही. एकटाच, मान खाली घालून, हातातल्या कागदाकडे पाहत हसला. अड्याळचा बाजाराचा दिवस, टपरीवर ही गर्दी, कढईतून भजी निघतायत, पलीकडे कुणीतरी भोंग्यावर चादरी विकतोय, आणि हा साठीला टेकलेला धानकरी, ज्यानं लग्नपत्रिकेपलीकडे काही मन लावून वाचलं असेल असं कुणी म्हणणार नाही, तो एका पातळशा रंगीत पुस्तकात पार बुडालेला. अश्वजित रामटेके त्याच्यासमोरच्या बाकावर चहा पीत होता. गावच्या शाळेत चित्रकला शिकवतो, वीसेक वर्षं झाली. त्यामुळे बाजारात निम्मे लोक त्याला सर म्हणतात आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं. "काय वाचून राहिले गा भाऊ?" त्यानं विचारलं. "पोंगाजी," केवळराम म्हणाला, जसा पोंगाजी त्याचा साळाच. आणि पुस्तक पुढे केलं. "पाहा न सर. कंपनीनं फुकट देल्लं. बांधीत नळी गाडाची, ते नळी मोबाईलवर सांगते, पाणी कवा द्याचं, कवा नाही. ते समजवाले कॉमिक्स काढलं यायनं. मी त हसूनच राहिलो बाप्पा." अश्वजितनं एका हातात कप, दुसऱ्या हातात पुस्तक, असं सहज म्हणून पाहिलं. उघडलेल्या पानावर बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलातून निघणारा बाईचा पाय होता. पूर्ण बाई नव्हतीच. टाच होती, वर ओढलेल्या लुगड्याचा काठ होता, आणि त्या टाचेला सोडायला तयार नसलेला चिखल होता. चिखल सुटतानाचा तो आवाज असतो ना, तो चित्रातून ऐकू येत होता. कुठेही लिहिला नव्हता.

पोटात दुखलं त्याच्या. उगाच मोठे शब्द कशाला वापरा, पोटातच दुखलं. चांगलं चित्र पाहिल्यावर काय होतं ते त्याला माहीत होतं. ते वर, छातीत होतं, आणि माणसाला जरा बरं वाटतं. हे खाली झालं आणि बरं अजिबात वाटलं नाही. कोण असेल हा, असं त्याच्या मनात आलं. असेल कुणी पुण्याचा, मुंबईचा पोरगा, मोठ्या कॉलेजात शिकलेला, भारी यंत्रावर काम करणारा, दिवसभर थंड खोलीत बसणारा. बापाच्या पैशावर शिकला असेल. असं म्हटल्यावर जरा आधार वाटला. मग त्यानं पान उलटलं, आणि पुढच्या पानावर पोंगाजी म्हणजे ती नळीच होती, भोकाभोकांची प्लॅस्टिकची नळी, तिला दोन डोळे, गळ्यात दुपट्टा, आणि सासऱ्यासारखा घसा खाकरून ती शेवंता नावाच्या बाईला सांगत होती, "अवं पोरी, वरून सुकलं दिसते म्हणून घाबरू नोको, खाली मी हावो न." हे पुण्याच्या पोराला कुठून सुचणार? अश्वजित पानं उलटत गेला. एका चौकटीत बायका धानाची रोवणी करत मागे मागे सरकत होत्या, आणि त्यातली एक म्हातारी कंबर न उचलता फक्त मान उचलून आभाळाकडे पाहत होती. ही मान त्यानं पाहिली होती. एकोडीला, सासुरवाडीला. शेवटच्या पानाच्या तळाशी, कंपनीच्या फोन नंबराच्या खाली, बारीक अक्षरांत लिहिलं होतं : चित्रे – हर्षा रामटेके, अड्याळ. हर्षा म्हणजे त्याची बायको.

चहा गार झाला. असं नाही की त्याला काहीच माहीत नव्हतं. कंपनीचं काहीतरी काम ती करते हे माहीत होतं. बचत गटाच्या बायकांना नळीचं ते ॲप समजेना, तेव्हा हिनं एका पोस्टरच्या पाठीवर पेनानं कायकाय काढून दाखवलं, बायका खो खो हसल्या आणि त्यांना समजलंही, कंपनीच्या माणसानं त्याचा फोटो काढून वर पाठवला, मग रीना नावाच्या बाईचे पुण्याहून फोन यायला लागले. हे सगळं हर्षानं त्याला जेवताना सांगितलं होतं, आणि त्यानं "हं" म्हटलं होतं. दुपारी शाळेतून यावं तर ही भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर उशी, उशीवर मोबाईल, आणि बोटानं घासतेय काचेवर. पोरी रिकाम्या वेळी खेळतात तसला काहीतरी खेळ, असं त्यानं धरलं होतं. एकदा म्हणालाही होता, "डोळे खराब करून घेऊन राहिली." ती म्हणाली होती, "पाहता का?" आणि त्यानं शर्ट खुंटीला लावत म्हटलं होतं, "मंग पाहतो." ते मंग काही आलं नव्हतं. पण बाकावर बसून खरं जे त्याला डसलं ते हे नव्हतं. डसलं ते असं, की नाव वाचायच्या आधी तो जळून चुकला होता. नाव आधी दिसलं असतं तर त्यानं मनाला समजावलं असतं, बायकोचं आहे, घरचं आहे, तिच्यासाठी छानच आहे. आता समजावायची सोयच उरली नव्हती. परक्याचं समजून पोट दुखलं होतं, आणि ते परक्याचं नव्हतं.

"सर," केवळराम पुढे वाकून, आवाज उतरवून म्हणाला, "तुमीच काढले न हे?" आणि एक डोळा बारीक केला. आता हा डोळा बारीक करणं काय आहे ते सांगितलं पाहिजे. या भागात नोकरीवाला माणूस जोडधंदा स्वतःच्या नावावर करत नाही. संस्था परवानगी देत नाही, कुणीतरी अर्ज करतो, नसती बला. म्हणून विम्याची एजन्सी बायकोच्या नावानं, कपड्याचं दुकान बायकोच्या नावानं, प्लॉट बायकोच्या नावानं. गणिताच्या सरांच्या बायकोचं नाव तालुकाभर विमा एजंट म्हणून माहीत आहे आणि त्या माउलीनं आजवर एक फॉर्म भरलेला नाही. तेव्हा चित्रकलेच्या सरांच्या बायकोच्या नावानं चित्रं छापून आली तर ती कुणाची, हे काय गावाला सांगायला पाहिजे? केवळरामनं विचारलं ते विचारणं नव्हतंच, टाळी मागणं होतं. अश्वजितनं तोंड उघडलं. "नाही गा, तिचीच आहेत," इतकंच म्हणायचं होतं, पाच शब्दही नाहीत. त्याऐवजी तो हसला. कसला हसला, तर वर्गात एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर हसतो तसला. पुस्तक मिटून परत दिलं आणि म्हणाला, "चाललं पाहिजे आता." केवळराम मागून म्हणाला, "पण ते पाय, सर, ते पाय एकदम पक्के काढले. माही बायको म्हणे, हे बाईच काढू शकते. म्हटलं, अवं, रामटेके सर आहेत ते, भंडाऱ्यापर्यंत नाव आहे त्यायचं." अश्वजित घराकडे निघाला तेव्हा त्याची चाल जरा बदललेली होती, आणि त्याची त्याला लाजही वाटली, पण चाल काही परत जागेवर आली नाही.

त्याच्या स्वतःच्या चित्रांची गोष्ट लहान आहे. नागपूरला शिकत असताना होस्टेलच्या गच्चीवर बसून त्यानं हात काढले होते. दुसरं काही नाही, हात. आईचे, मालनबाईचे, आठवणीतून. विडी वळतानाचे, कांडतानाचे, झोपेत उघडे पडलेले. त्याला वाटायचं, आपण हातांतूनच काहीतरी करू. वर्षाच्या शेवटी सगळ्या वर्गाची कामं भिंतीला लावली तेव्हा एक मोठे मास्तर बाहेरून पाहायला आले होते. ते त्याच्या हातांपुढे थांबले. चांगले थांबले. मग म्हणाले, "रेषा स्वच्छ आहे तुझी," आणि पुढच्या पोराकडे गेले, आणि त्या पोराच्या डाग पडलेल्या, वाकड्यातिकड्या कागदांपुढे अर्धा तास बोलत उभे राहिले. हे "स्वच्छ आहे" अश्वजितनं कितीतरी वर्षं प्रशंसापत्रासारखं जपलं. लग्न ठरताना हर्षाच्या घरी सुद्धा त्यानं हे सांगितलं होतं. पुढे कधीतरी, मुलांचे परीक्षेचे कागद तपासताना, एका पोरीच्या फुलदाणीवर "स्वच्छ" असा शेरा आपण लिहिला आणि तिला शंभरातले पन्नास मार्क दिले हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्या शब्दाचा अर्थ त्याला त्या दुपारी समजला. तेव्हापासून तो विहारातल्या बुद्धाचं चित्र दर वर्षी नव्यानं उजळतो, जयंतीचे फलक रंगवतो, शाळेच्या भिंतीवर पाणी वाचवाची बादली काढतो. लोक मान देतात. रेषा स्वच्छ असते.

घरी आला तर हर्षा तांदूळ निवडत होती. पुस्तकांचा एक गठ्ठा दारात पडला होता, सुतळीसकट. "आले वं पुस्तकं," ती म्हणाली, स्वतःशीच बोलावं तशी, आणि सूप खाली ठेवून हात पुसून एक प्रत काढून त्याच्या पुढे धरली. "आता तरी पाहता का?" त्यानं प्रत घेतली, खुर्चीवर बसला, चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच पाहतोय असं एकेक पान पाहिलं. हे नाटक कशाला केलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिची नजर त्याच्या तोंडावर होती; दहावीचा निकाल पाहायला आलेल्या पोरीसारखी नव्हे, साधीच, पण होती. इथे त्याच्या हातात एक गोष्ट होती. चांगलं झालं आहे, असं तो म्हणू शकत होता. बाजारात काय झालं ते सुद्धा सांगू शकत होता, म्हणजे दोघं मिळून केवळरामवर हसले असते. तो म्हणाला, "पायाच्या सावल्या एकाच बाजूनं पाहिजे होत्या. उजेड कुठून येऊन राहिला ते समजत नाही." हर्षानं वाकून पाहिलं. "हो का?" म्हणाली. मग म्हणाली, "चिखलात सावली पडते का हो? मले त नाही दिसली कधी." वाद घालायच्या सुरात नव्हे. तिला खरंच प्रश्न पडला होता, आणि ती तो प्रश्न घेऊन परत तांदळाकडे गेली. अश्वजित पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिला. त्यानं आयुष्यात बांधी कितीदा पाहिली होती, पण चिखलात सावली पडते की नाही हे त्याला सांगता येईना. हिनं लहानपणी एकोडीला बापाच्या बांधीत गुडघाभर उभं राहून रोवणी केली होती, त्याची तिला ना कधी हौस होती ना तक्रार. आणि आता ते सगळं हिच्या बोटातून असं उतरत होतं जसं काही ते तिथेच भरून ठेवलं होतं. याच्यासारखा अन्याय नाही, असं त्याला वाटलं. इतकी वर्षं तो पेन्सिलीला टोक करत बसला आणि ही तांदूळ निवडत होती.

पुढचे दिवस असे गेले की जिकडे जावं तिकडे पोंगाजी. शेतकी दुकानात काउंटरवर पोंगाजी, दवाखान्याच्या बाकावर पोंगाजी, शाळेत सातवीच्या पोरांच्या दप्तरात पोंगाजी. एस.टी.त दोन अनोळखी बायका शेवंताच्या सासूवर अशा बोलत होत्या जशी काही ती शेजारच्या गल्लीत राहते. नळ्या किती खपल्या देव जाणे, पुस्तकं मात्र हातोहात गेली. आणि प्रत्येक जण त्याला पाहून तोच डोळा बारीक करत होता. एकदा त्यानं खरं सांगायचा नेम केलाही. शिक्षकांच्या खोलीत, डबे उघडलेले असताना, मुख्याध्यापक भोजराज कापगते स्वतः म्हणाले, "रामटेके सर, वहिनींचा हात भारीच बसला हो," आणि सगळे हसले. अश्वजित म्हणाला, "खरंच तिचं आहे." पण म्हणताना भाजीत पोळी बुडवली, डोळे डब्यात ठेवले, आणि ओठाचा एक कोपरा आपोआप वर गेला. गणिताचे सर म्हणाले, "आमच्याही हिचा विम्यात हात बसला आहे." पुन्हा हसणं. त्यात तोही हसला. त्याला जाणवलं की ही मोठी मजेची गोष्ट आहे. खरं बोलावं, आणि तरी काहीही सुटू नये. त्या दिवशी घरी जाताना त्यानं हर्षासाठी दुकानातून गरम जिलेबी घेतली. ती म्हणाली, "काहून? काय आहे आज?" तो म्हणाला, "काही नाही. सहज." आणि तिनं पाकातली बोटं चाटत मोबाईल बाजूला सारला, डाग पडू नये म्हणून. त्या काचेवर अर्धवट काढलेली एक बकरी होती. बकरीचा एक कान खाली पडलेला होता, आणि त्या कानानं जिलेबीची चवच गेली त्याच्या तोंडातली.

तो चोरून पाहायला लागला. ती विहिरीवर गेली की मोबाईल उघडायचा. तिनं कुलूप कधी लावलंच नव्हतं. आत काय होतं? चौकटी, चौकटींचे तुकडे, नुसते हात, नुसती डोकी, मागे चाललेल्या बायका. आणि रीनाचे निरोप. 'ताई, तुमचा पोंगाजी आमच्या साहेबांना इतका आवडला की ऑफिसच्या भिंतीवर लावला.' 'ताई, आधी आम्ही टाय लावलेला इंजिनिअर दिला होता, तुम्ही तो काढून टाकला ते किती बरं केलं.' 'ताई, दुसरं पुस्तक करायचं ना?' असल्या साध्या निरोपांनी त्याच्या अंगाचा तिळपापड होई. कुणी परका पुरुष लिहीत असता तर जळायला निदान रीतसर जागा झाली असती. गावानंही समजून घेतलं असतं. इथे एक पोरगी तिला ताई म्हणत होती आणि हा दाराआड उभा राहून, कान पावलांकडे लावून, घामानं ओला होत होता. एकदा त्यानं तिच्या त्या चित्रांच्या ॲपात एक कोरं पान उघडलं आणि बोटानं हात काढून पाहिला. आईचा हात, विडी वळतानाचा. बरा आला. स्वच्छ आला. त्यानं तो लगेच पुसून टाकला आणि मोबाईल होता तसा, उशीवर, काच वर करून ठेवला. रागानं नव्हे, पण क्षणभर असं वाटलं होतं की हा दगडावर आपटावा. तो दचकला. इतकं आपल्याला काय झालं आहे? आणि मग मन असं पळवाटा काढू लागलं, की मी नसतो तर हिला कागद पेन्सिल कुणी दाखवली असती, घरात रंगांचा वास कुणी आणला असता, बघून बघूनच शिकली ना, म्हणजे एका अर्थानं. एका अर्थानं काय, ते वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही, पण ते अर्धं वाक्यच त्याला पुढचे कितीतरी दिवस पुरलं.

प्रजासत्ताक दिनाला शाळेत झेंडा झाला की सत्कार असतात. या वेळी यादीत त्याचंही नाव आहे हे त्याला आदल्या दिवशी समजलं. कापगते सर म्हणाले, "नाव वहिनींचंच घेऊ हो, पण वर तुम्हीच या, बायामाणसाले कायले स्टेजवर त्रास." तो नको म्हणाला नाही. घरी हर्षाला म्हणाला, "तुझ्या पुस्तकाबद्दल सत्कार ठेवला आहे शाळेनं." ती आनंदली. खरोखर आनंदली, लपवलंही नाही. "माहा? अव माय!" पांढरी साडी काढली, निळ्या काठाची, इस्त्री केली. कोण वर जाणार हे त्यानं सांगितलं नाही. सकाळी मांडवात ती बायकांच्या रांगेत बसली, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत, गुडघ्यावर हात ठेवून, आपलं नाव घेतलं की उठायचं अशा बेतानं बसलेली. मग माईकवरून कापगते सर म्हणाले, "सौभाग्यवती हर्षाताई रामटेके यांच्या नावानं निघालेलं पोंगाजी हे पुस्तक" – नावानं या शब्दावर ते थांबले, मांडवात हशा पिकला – "आणि त्यासाठी आपले सर्वांचे लाडके रामटेके सर!" ती अर्धवट उठली होती. अश्वजितनं ते पाहिलं. अर्धवट उठलेलं माणूस काय करतं, तर साडी सारखी केल्यासारखं करतं आणि परत बसतं. ती तशी बसली. त्याच्या पायांनी मात्र त्याला वर नेलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, आणि कुणीतरी माईक तोंडापुढे धरला.

आता बोलायचं होतं. एकदम त्याला वाटलं की आपण बोलू, सगळं बोलू, इथेच. "ही चित्रं माझी नाहीत," तो म्हणाला. "हर्षाची आहेत. एकही रेषा माझी नाही." मग टाळ्या वाजल्या, अशा की मागची पोरं उभी राहून वाजवायला लागली. केवळराम ओरडला, "वा सर, वा!" कापगते सरांनी पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "लय चांगलं केलं. संस्थेचे लोक समोरच बसले आहेत." अश्वजितला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी फाटेल, काहीतरी दुखेल. काहीच झालं नाही. उलट अंग हलकं झालं. खरं बोलल्याचं पुण्य मिळालं आणि शालही राहिली. त्यानं बायकांच्या रांगेकडे पाहिलं, मी सांगितलं बरं का, अशा नजरेनं. हर्षा टाळ्या वाजवत नव्हती. रडतही नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती, डोळे किंचित बारीक करून, गावासारखे नव्हे, एखादी वस्तू किती लांब आहे ते पाहावं तसे. पापणी लवत नव्हती. त्याला शाल नीट करावीशी वाटली, पण हात नारळात अडकले होते.

घरी ती शेजारणीसोबत, त्याच्या मागून आली. आल्यावर साडी बदलली, चहा ठेवला, त्याला दिला. चहा फिका नव्हता, साखर बरोबर होती, आणि त्यामुळेच त्याला धीर धरवेना. "मी सांगितलं न सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "ऐकलं मी," ती म्हणाली. "मंग?" "मंग काय? तुम्ही ज्या तऱ्हेनं सांगतलं न, तसं कोणालेच पटलं नसतं. मलेच पटलं नाही." तो काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "राग आला होता मले. खोटं कायले बोलू? असा आला होता का तो नारळ घेऊन तुमच्याच डोक्यात घालावा वाटलं. बाजारातलं बी मले माहीत होतं. केवळराम भाऊच्या घरच्या बाईनं सांगतलं होतं कवाचंच. म्हटलं, सांगतील आज, सांगतील उद्या." ती हे भांडी विसळत बोलत होती, आवाज चढवत नव्हती. "रीनाले फोन केला आता येता येता. म्हटलं, दुसऱ्या पुस्तकावर नाव टाकू नोका. ना माहं, ना माह्या नवऱ्याचं. कंपनीचं पुस्तक, कंपनीचं नाव. झालं." अश्वजितला पहिल्यांदा काय वाटलं, तर सुटल्यासारखं. लगेच दुसरं वाटलं ते बोचरं होतं. नाव हिनं असं टाकून दिलं जसं काही ते निवडताना निघालेला खडा होता. "अवं, पण नाव काहून सोडतेस? तुझं काम आहे ते," तो म्हणाला, आणि त्या वाक्यात त्याला स्वतःचाच सत्काराचा सूर ऐकू आला. "मले काढायले भेटते न," हर्षा म्हणाली. "नाव आलं का तुमी असे करता. मंग घरात बसवत नाही मले. दुपारी मले मधात आवाज देत नका जाऊ, एवढं करा. बाकी शाल घ्या, नारळ घ्या." हात पुसून ती भिंतीला टेकली, मांडीवर उशी घेतली, उशीवर मोबाईल. पाच मिनिटं गेली नसतील. तिचा चेहरा पाहता पाहता सैल झाला, जीभ किंचित दातांत आली. राग गेला होता तिचा. खरंच गेला होता, कुठे गेला ते कळलं नाही, त्या काचेत कुठेतरी मुरला होता. अश्वजितची जळजळ कुठेच जात नव्हती. नाव नाही, पैसा नाही, शाल नाही. हे, हे जे आत्ता तिच्या तोंडावर चाललं होतं, हे त्याला हवं होतं, आणि ते तिच्याकडून हिसकून घेण्यासारखं नव्हतं.

तो उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिनं लपवलं नाही. "दुसऱ्या पुस्तकात त्यायले एक आगाऊ माणूस पाहिजे," मान वर न करता ती म्हणाली. "जो म्हणते का मले सारं आधीच माहीत होतं, नळीनं काही नवीन नाही सांगतलं. तो चुकला पाहिजे, मंग लोकायले समजते." काचेवर एक मांडव होता, एक माईक होता, आणि माईकपुढे एक माणूस. अंगावर शाल, हातात नारळ, मान इतकीच झुकलेली की वाटावं किती नम्र, आणि ओठाचा एक कोपरा वर. नाक त्याचं नव्हतं, चष्मा नव्हता, पोट मोठं केलं होतं. कुणी ओळखलं नसतं. पण तो तोच होता. डब्यात पाहून खरं बोलणारा, बाजारातून चाल बदलून घरी येणारा, सगळा तिथे होता, आठ-दहा रेषांत. लाज वाटायला हवी होती. ती येईल म्हणून तो वाट पाहत उभा राहिला. आली ती दुसरीच गोष्ट. मानेपासून निघून, शालीखालून, नारळ धरलेल्या कोपरापर्यंत गेलेली एक रेषा होती, बोट न उचलता काढलेली, आणि शाल घ्यायला आपणहून पुढे झालेला तो खांदा नेमका तिच्यात होता. हा खांदा मला आला नसता, त्याच्या मनात आलं, अख्खा जन्म घातला असता तरी आला नसता. पोटात तेच दुखलं, टपरीवर दुखलं तसंच. "हा खांदा," तो वाकून म्हणाला, "हा खांदा कसा काढलास?"

हर्षानं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, शोधल्यासारखं.

"कोणता?" तिनं विचारलं.